प्रमाणासाठी माणूस

आईचा तरुणपणीचा एक फोटो पाठव, एवढंच भावानं सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात साताऱ्याला तिचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हॉल ठरला, आचारी ठरला, आणि हॉलच्या दारात फ्लेक्स लावायचा, एका बाजूला आत्ताची आई आणि दुसऱ्या बाजूला तेव्हाची, अशी त्याची कल्पना. "आत्ताची मी मोबाइलवर काढतो," तो म्हणाला. "तेव्हाची तुझ्याकडे असणार. आप्पांची पेटी तुझ्याकडेच आहे ना?"

आहे ना. जाते कुठे? आप्पा गेले, पेटी राहिली. लग्नानंतर मी परत दोहात आले आणि जितकी घरं बदलली तितक्या वेळा ती पत्र्याची पेटी माझ्याबरोबर आली. सोफे वाटून टाकले, फ्रिज विकला, पेटी घ्यायला कुणी तयार होईना. अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती स्टोअररूममध्ये व्हॅक्यूम क्लीनरच्या वाटेत बसलेली असते. केर काढायचा म्हटला की आधी तिला दोन शब्द ऐकवावे लागतात.

शुक्रवारी सकाळी ती ओढून खिडकीपाशी आणली आणि झाकण उघडलं. आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, त्याच्यामागून गंजका, थंड वास, आणि दोन्हींच्या मागून आमचं जुनं बाथरूम. खाकी पाकिटांत निगेटिव्ह, एकेक वहीच्या अर्ध्या पानाएवढी. एक काढून उजेडात धरली. खडक. दुसरी. खडक आणि समुद्र. तिसरी. तोच खडक, दुसऱ्या बाजूनं. पेटीभर फोटो आणि माणसाचा पत्ता नाही.

म्हणजे आहे. प्रत्येकात आहे. खडकाच्या पायथ्याशी, तांदळाच्या दाण्याएवढा. तो दाणा म्हणजे माझी आई.

याला जबाबदार एक अमेरिकन साहेब. आप्पा, आमचे वडील, इथं एका तेल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. नकाशांच्या नकला काढायचं काम. भिंतीवर नकाशा लावायचा, समोर खोलीएवढा कॅमेरा, आणि मोठाल्या फिल्मवर त्याची नक्कल उतरवायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा लोकांना त्यानं एअर कंडिशनर दिले, गालिचे दिले. आप्पांना त्यानं एक लाकडी, भात्याचा जुनापुराणा कॅमेरा दिला आणि एक जाडजूड पुस्तक. आई कितीतरी दिवस त्या एअर कंडिशनरची आठवण काढत होती.

पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका होती. माणसाचा पाय न लागलेली. उभे कडे, कापसासारखे धबधबे, आरशासारखी तळी, आणि घराएवढ्या बुंध्यांची झाडं. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरं, कोरं आकाश. एकही ढग नाही. त्या काळी फोटो काचेवर घेत आणि त्या काचांना निळं आणि पांढरं सारखंच दिसायचं, म्हणून. आप्पा जेवताना हे सांगत. ती माणसं खेचरांच्या पाठीवर काचा, बाटल्या आणि तंबू लादून डोंगरात जायची. काचेवर औषध ओतायचं, ती ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि वाळायच्या आत तंबूत धुवायची. आप्पांना त्यांचा एवढा अभिमान की जणू सगळे आमच्या आजोळचे.

"एकदा खेचराचा पाय घसरला," आप्पा घास हातात धरून सांगायचे, "आणि सगळ्या काचा दरीत. सगळ्या!"

"खेचर सुटलं बिचारं," आई म्हणायची. "आमटी वाढू का?"

पुढं आप्पांच्या लक्षात आलं की ऑफिसात कापाकापीतून उरणारी नकाशाची फिल्मही तसलीच आहे. अतिशय मंद, लाल रंगाला आंधळी, आकाश पांढरंफटक करणारी. ज्या दिवशी हे त्यांच्या लक्षात आलं, त्या दिवशी आमच्या शुक्रवारांचं वाटोळं झालं.

आम्ही तेव्हा एअरपोर्टजवळ राहायचो. आता त्या भागाला ओल्ड एअरपोर्ट म्हणतात. तेव्हा एअरपोर्ट एकच होता आणि तो नवाच वाटायचा. विमान उतरलं की गच्चीवरचे कपडे थरथरायचे. शुक्रवार ही आठवड्याची एकच सुट्टी. इतर घरांत लोक उशिरा उठायचे, मटण शिजायचं, व्हिडिओ लागायचा. आमच्या घरात पहाटे वेलदोड्याचा चहा थर्मासात भरला जायचा, कोपऱ्यावरच्या भट्टीतले गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, वर्तमानपत्रात गुंडाळले जायचे, आणि खाली कासमभाईंची पिकअप येऊन हॉर्न द्यायची. कासमभाई रत्नागिरीचे. कंपनीतच ड्रायव्हर, बायकामुलं गावी. ते शुक्रवारी आमच्याबरोबर का यायचे हे मला आजही समजलेलं नाही. बहुतेक खुबुसाबरोबरच्या आईच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी.

दुखानच्या रस्त्यानं पश्चिमेला जायचं. मग रस्ता सोडून झेक्रीतकडे. पिकअपच्या हौद्यात मी आणि भाऊ, आमच्यामध्ये कॅमेऱ्याची पेटी गोधडीत गुंडाळलेली. आम्हाला गोधडी नाही. तोंडात वाळू, कानात वारा, पेट्रोलच्या डब्याचा वास. हिवाळ्यात पाऊस होऊन गेला असेल तर जमिनीतून ओल्या मातीसारखा नव्हे, ओल्या खडूसारखा वास यायचा. अरब कुटुंबं खाली वाकून जमिनीत भूछत्रं शोधत असायची. ती बिचारी काहीतरी घेऊन घरी जात. आम्ही खडकाचा फोटो घेऊन जायचो.

तिथले खडक वाऱ्यानं खालून कोरलेले, चुनखडीचे, छत्रीसारखे. आप्पा त्यांना डोंगर म्हणत.

"याला डोंगर म्हणतात?" आई पदर खोचत विचारायची. "आमच्या अजिंक्यताऱ्याची पायरी याहून मोठी."

"तेच तर दाखवायचंय," आप्पा म्हणत. "लहानमोठं कळायला शेजारी माणूस लागतो. त्या पुस्तकात बघ, कड्यावर कुठंतरी एक माणूस बसवलेला असतो. स्केल नसलेला नकाशा म्हणजे नुसतं चित्र."

"वहिनी, आमच्या रत्नागिरीत असले दगड बांधाला लावतात," कासमभाई भर घालायचे. "फोटू कोण काढत नाय."

आधी मला उभं केलं होतं. मी हलले. धुतल्यावर खडकाशेजारी धुराचा एक लोट दिसला, तो मी. भाऊ तर दिसलाच नाही. फोटो निघेपर्यंत तो समुद्राकडे पोचला होता. कासमभाई नको म्हणाले. मग उरली आई. ती लग्नाआधी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वर्गासमोर ताठ उभं राहायची तिला सवय. आप्पांनी तिला खडकाखाली नेऊन उभं केलं, स्वतः उलट चालत इतके लांब आले की हाक मारावी लागावी, आणि काळ्या कापडात डोकं घातलं. तेव्हापासून आई म्हणजे आप्पांची पट्टी झाली.

त्या कॅमेऱ्याला बटण नव्हतं. भिंगावरची टोपी काढायची, पुरेसा उजेड आत जाऊ द्यायचा आणि टोपी परत घालायची. किती वेळ, ते आप्पा पाढ्यांनी मोजायचे. ऊन कडक असेल तर बेचा पाढा. ढगाळ हवेत तेराचा. आणि सकाळच्या कोवळ्या उजेडाला, म्हणजे जवळजवळ नेहमीच, एकोणतीसचा, कारण तो म्हणायला वेळ लागतो. त्या उघड्या वाळवंटात हातात टोपी धरून माझे वडील खड्या आवाजात सुरू करायचे, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." आणि लांब खडकाखाली माझी आई श्वास रोखून उभी. वर्गातल्या कुणाला हे सांगायची मला सोय नव्हती.

सगळं सुरळीत सातापर्यंत जायचं.

"एकोणतीस साती दोनशे तेरा."

"तीन!" खडकाखालून आवाज यायचा. "दोनशे तीन!"

"अगं हलू नको!"

"मग नीट म्हणा! आठे दोनशे बत्तीस, नवे दोनशे एकसष्ट, दाहे दोनशे नव्वद. घाला टोपी!"

आणि आप्पा टोपी घालायचे. दर शुक्रवारी हेच. दुरुस्तीही तीच आणि चूकही तीच. माणूस एकदा चुकतो, दोनदा चुकतो. मी आणि भाऊ हौद्यात बसून खुबूस खात साती यायची वाट बघायचो, आणि आली की एकमेकांना कोपरानं ढोसायचो. कासमभाई पिकअपच्या फळीवर हात आपटून म्हणायचे, "यल्ला आप्पा, खलास करा. ऊन चढलं. वहिनींचं पोर पुढच्या यत्तेत गेलं, तुम्ही अजून सातावरच."

पण शुक्रवार तिथं संपत नसे. खरा जाच घरी. दुपारी बाथरूम बंद. दाराच्या फटीला टॉवेल, आत लाल दिवा, आणि कुणालाही कशासाठीही जायचं असलं तर शेजाऱ्यांकडे. औषधाला पाणी गार लागतं आणि दोहात उन्हाळ्यात नळाला येतं ते गच्चीवरच्या टाकीत तापलेलं. म्हणून सगळ्यांसारखा आम्हीही उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्याच्यातलं साठलेलं, त्यातल्या त्यात गार पाणी अंघोळीला वापरायचो. आप्पा ते सगळं बादलीत घ्यायचे. वर फ्रिजमधला बर्फ. आई कोकम सरबतासाठी ट्रे उघडायची तर ट्रे रिकामे, आणि आतून आवाज, "अजून थोडा बर्फ आहे का गं?"

"माझ्या डोक्यावर ठेवायला हवा होता," आई बाहेरून सांगायची. "संपला."

फिल्म वाळत असताना धूळ बसू नये म्हणून पंखे बंद. कपड्यांच्या दोरीवर माझा शाळेचा युनिफॉर्म, चिमटा, खडक, चिमटा, भावाचा मोजा, चिमटा, खडक. आम्ही घामाघूम होऊन खाली बसलेलो आणि आप्पा दोरीखाली उभे राहून भिंगातून एकेक बघताहेत. ते पुष्कळ फेकून द्यायचे. वाऱ्यानं झुडूप हललं असेल, बाद. कॅमेऱ्याच्या तिवईचा पाय वाळूत रुतून कड जराशी दुहेरी आली, बाद. लांबून एखादी गाडी गेली, बाद. एकदा शमाल, म्हणजे इथला धुळीचा वारा, सुटला, आम्ही सगळे नाकाला फडकी बांधून तिवई धरून उभे राहिलो, डोळे दोन दिवस लाल. ती फिल्म त्यांनी क्षणभर बघितली आणि कात्रीनं कापून टाकली. त्यांच्या त्या पुस्तकातल्या लोकांना खेचरं हवी होती, आप्पांना आम्ही मिळालो.

आईनं जवळून फोटो काढायला सांगितला नसेल असं नाही. दर महिन्याला सांगायची. "आईला पाठवायचाय हो. लेक कशी आहे ते तिला दिसू दे. खडक पाठवून काय करू? पाटा म्हणून वापरेल ती." शेवटी एकदा आप्पांनी काढला. खुर्चीवर बसवून, गच्चीवर, नवीन साडीत. पण ती फिल्म लालाला आंधळी. आमचा गव्हाळ रंग तिला कोळसा दिसतो, ओठ काळे, गालावरचा प्रत्येक डाग वर. आईनं दोरीवरचा तो ओला फोटो पाहिला.

"हे कोण?"

"तूच की."

"मी मेल्यावर अशी दिसेन कदाचित," ती म्हणाली, आणि फोटो उतरवून फाडला. त्यानंतर जवळून फोटो काढायचा विषय घरात निघाला नाही. लग्नातला एकुलता एक फोटो साताऱ्यात वाळवीनं खाल्ला. पासपोर्टावरच्या फोटोत ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. संपलं. एका फोटोग्राफरच्या बायकोचं सगळं तारुण्य, म्हणजे हे.

मग शुक्रवार थांबले. ऑफिसात नवीन यंत्र आलं, कासमभाई गावी गेले ते गेलेच, आई आम्हाला घेऊन शाळेसाठी साताऱ्याला आली आणि आप्पा इथं एकटे राहिले. ऐंशीच्या दशकातली बाकीची वर्षं मला दोहाच्या वासाची नाहीत, साताऱ्यातल्या पोस्टाच्या डिंकाची आहेत. आप्पा सुट्टीवर यायचे, टँग आणायचे, ब्लँकेटं आणायचे. खडक आणायचे नाहीत. एकट्यानं गेले असतील झेक्रीतला, तर माहीत नाही. पेटीत मात्र आई नसलेला एकही फोटो मला सापडला नाही.

तर शुक्रवार दुपार. फ्लेक्ससाठी काहीतरी पाठवायलाच हवं होतं. माझी मुलगी रेवा ऑफिसातून चांगला स्कॅनर घेऊन आली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. तिनं पहिली निगेटिव्ह लावली, लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं केलं आणि म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ रॉक."

"खाली उजवीकडे बघ. आजी आहे."

तिनं मोठं केलं. अजून मोठं केलं. मला वाटलं होतं आता ठिपके दिसतील आणि प्रकरण संपेल. पण दाणा फुटेना. खडकातले शिंपले दिसायला लागले, एकेक. मग चपला. साडीच्या चौकड्या. दोन्ही हातांतल्या बांगड्या, आणि पदराची पिन. मी ओरडलेच. पिन! एवढ्या लांबून! कपाळ आलं, कुंकू आलं, भुवया, आणि त्यांच्याखाली डोळे, कॅमेऱ्याकडे असे रोखलेले की माझाच हात गृहपाठाच्या वहीकडे जावा. माझ्याहून कितीतरी लहान. रेवापेक्षा थोडी मोठी असेल.

आणि नाकाच्या खाली काही नाही. धुकं. तोंड आणि हनुवटी बोटानं पुसल्यासारखी.

दुसरी लावली. डोळे लख्ख, तोंड पुसलेलं. तिसरी. चौथी. संध्याकाळपर्यंत अर्धी पेटी झाली.

"व्हाय इज हर माउथ गॉन?" रेवानं विचारलं. "एव्हरी टाइम?"

मी कपाळावर हात मारला आणि साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, फोन लांब धर. नुसतं कपाळ दिसतंय."

"तुला काय बघायचंय माझं? बोल."

"तुझे झेक्रीतचे फोटो पेटीतून काढलेत. सगळ्या फोटोंत तू बोलते आहेस. एकाही फोटोत तोंड नाही."

"बोलत कुठं होते? पाढा म्हणत होते." फोन हलला, आता एक कान दिसायला लागला. "ते सातापाशी चुकायचे. मग पुढचा मलाच म्हणावा लागायचा."

मी पुढं काहीतरी बोलणार होते, फ्लेक्सबद्दल, वेळेबद्दल. पण माझ्या डोळ्यांपुढे आले ते आप्पा. नकाशाचं प्रमाण विचारलं की कागद न घेता, चहा पिता पिता सांगणारे. हा माणूस एकोणतीस साती विसरायचा?

"आई, आप्पांना एकोणतीसचा पाढा येत नव्हता?"

"न यायला काय झालं? मला बघायला आले तेव्हा तुझ्या आजोबांनी, नानांनी, विचारला होता. नाना मास्तर ना, मुलाला पाढे विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत. पोहे खाता खाता घडाघडा म्हणून दाखवला. एकोणतीसचाच."

"म्हणजे त्यांना येत होता हे तुला माहीत होतं."

"माहीत नसायला मी काय बहिरी होते?"

"मग दुरुस्त कशाला करायचीस? गप्प उभी राहिली असतीस तर आज चेहरा असता!"

"चुकीचा पाढा ऐकून गप्प राहायचं? मी?"

मी वैतागून सांगितलं की झुडूप हललं तरी ज्या माणसानं फिल्म कापून टाकली, त्यानं आईचं तोंड हललेली प्रत्येक फिल्म पाकिटात घालून ठेवली आहे, आणि भिंगातून बघितल्याशिवाय त्यांनी एकही ठेवली नसणार. याचं आता काय करायचं, फ्लेक्सवाल्याला काय द्यायचं, ते तूच सांग.

पलीकडं कान गेला आणि परत कपाळ आलं.

"मागचा डोंगर नीट आलाय का?" आईनं विचारलं.

"आलाय. त्यातले शिंपले मोजता येतात."

"मग अख्खाच लाव. मला मोठं करू नको."

"आई, तू तांदळाच्या दाण्याएवढी आहेस त्यात. लोकांना दिसणार नाहीस."

"न दिसायला काय झालं? मी नसले तर डोंगर केवढा होता ते कळायचं कसं?"

भावाला मी ती फाइल पाठवली. फ्लेक्सची अर्धी बाजू पुरणार नाही, पूर्ण लागेल, असंही कळवलं. आत्ताच्या आईला त्यावर जागा नाही. तिचा फोटो कशाला हवा, ती हॉलमध्ये असणारच आहे.